बाहेरची एकतीस नावं

पणजी, ९ मार्च १९८७

ती. शिवदासमामा,

नमस्कार. मी सुविधा, आमोण्याच्या भाग्यलक्ष्मीची धाकटी मुलगी. आपण मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी सातवीत होते. डिप्लोमा करून आता आठ महिने सीमावर्ती वस्त्यांच्या पाहणी कार्यालयात तांत्रिक सहायक आहे. नेमणूक हंगामी आहे, ३० जूनपर्यंत.

तुमच्या तरवाडीचा तक्ता माझ्याकडे आला आहे: घरं, माणसं आणि टपाल. आमच्या पथकानं फेब्रुवारीच्या १४ ते १६ तारखांना घरोघर जाऊन नोंद केली. घरं ६३, माणसं ३१८. टपालाचा रकाना तुमच्या शाखेकडून भरून यायचा आहे. छापील नमुन्यात फक्त दर घराला किती पत्रं आली एवढंच विचारलं आहे. त्यावरून काही कळत नाही. खाणीवर काम करणारे सिंधुदुर्गातले लोक ओळखीच्या घरांच्या पत्त्यावर पत्रं मागवतात, असं ऐकते. ती पत्रं वाडीच्या लोकांची म्हणून मोजली तर तक्ता चुकेल.

म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत कोणकोणत्या नावावर टपाल आलं, ती नावं मला हवी आहेत. हे पत्र खाजगी आहे. त्यावर जावक क्रमांक नाही.

आपली
सुविधा

तरवाडी, १७ मार्च १९८७

चि. सुविधास आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर शिक्का मीच मारला आणि माझ्या हातात मीच दिलं. शाखा डाकपालाला पत्र आलं की असं होतं. वत्सूची मुलगी मला ‘नमुना’ आणि ‘रकाना’ लिहिते, हे बघून बायको हसली. म्हणाली, पोरगी तुमच्यावर गेली नाही हे बरं झालं.

आमच्याकडे टपालाची गंमत अशी की वाडी गोव्यात आणि पिशवी नदीपलीकडून, महाराष्ट्रातून. एसटी पलीकडच्या तरीवर पिशवी टाकते, दत्ताराम ती होडीतून आणतो. निम्म्या पाकिटांवर पिन पलीकडचा असतो. मी कधी कुणाला परत पाठवलं नाही. माणूस माहीत असला की पिन कशाला लागतो?

आता कामाचं. तू मागतेस ते देऊ नये असा नियम आहे. कुणाला काय आलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, असं मी एकोणीस वर्षांपूर्वी सही करून दिलेलं आहे. पण तू वत्सूची, आणि तक्ता खरा व्हायला हवा म्हणतेस, म्हणून वहीतून नावं उतरवून पाठवतो. एकूण नावं १४२. तुझं काम झालं की हा कागद फाडून टाक. मी दिला हे कुठेही येता कामा नये. माझ्या घराची ओसरी हेच पोस्ट आणि पोस्टाच्या पगारावरच हे घर, एवढं लक्षात ठेव.

आईला सांग, काजू यंदा बरा आहे. यायचं तर आता ये म्हणावं.

शिवदासमामा

पणजी, ६ एप्रिल १९८७

ती. शिवदासमामा,

नमस्कार. यादी मिळाली. सांगितल्याप्रमाणे काम झाल्यावर फाडली.

तुमची १४२ नावं पथकाच्या घरयादीशी एकेक करून जुळवली. १११ जुळली. ३१ नावं वाडीच्या कुठल्याही घरात सापडली नाहीत. ती ‘बाहेरची, पत्त्यापुरती’ म्हणून वेगळी काढली. हे माझ्या अंदाजाला धरूनच आहे. तक्ता क्र. ४ शुक्रवारी वर गेला. एक प्रत पेडण्याला मामलेदारांकडे, एक तुमच्या पंचायतीला.

आईला काजूचं सांगितलं. ती येणार नाही, गुडघा दुखतो.

आपली
सुविधा

तरवाडी, १९ मे १९८७

चि. सुविधा,

हे पत्र वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाच.

घर क्रमांक १४ सगुण मळीकचं. सगुण चार वर्षांपूर्वी, जुलैमध्ये वारला. मागे बायको यशोदा आणि धाकटा भाऊ गोकुळदास, त्याची बायको, दोन पोरं. यशोदाला मूल नाही. गोकुळदास कोरगावच्या काजूवाल्याकडे कामाला असतो, चार बुकं शिकलेला. घर कुणाच्या ताब्यात आहे त्याची नोंद आता पेडण्याला व्हायची आहे. त्यानं अर्ज केलाय की घर एकट्याचं लावा. कारण वहिनी, म्हणजे यशोदा, नवरा वारला त्याच वर्षी घर सोडून कायमची माहेरी गेली.

काल यशोदा नोटीस घेऊन ओसरीवर आली. तिला अक्षर येत नाही. मी वाचून दाखवली. ती त्या घरातूनच आली होती, हातावर चुलीची राख तशीच. मला म्हणाली, “मास्तरांनु, मी खंय गेलंय?”

पथक आलं तेव्हा ती वाडीत नव्हती हे खरं. तिचा भाऊ रघुनाथ परब मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. तो ८ फेब्रुवारीला गेला. ती बाराव्यापर्यंत तिकडे होती. पथकानं विचारलं, घरात कोण कोण, आणि गोकुळदासनं तिला सोडून सगळ्यांची नावं सांगितली. नवीन रेशनकार्डातही तेच केलंय. शेजारी सगळं जाणतात, पण सगळे मळीकच. भावकीतल्या माणसाविरुद्ध मामलेदारापुढे कुणी उभं राहणार नाही.

एवढंच असतं तर भागलं असतं. पण त्यानं अर्जाला पंचायतीकडून मिळालेली तुझ्या तक्त्याची नक्कल जोडली आहे. त्यात लिहिलंय, घर १४ च्या पत्त्यावर ‘शांता परब’ नावाची बाहेरची बाई पत्र घेते, राहत नाही. शांता परब म्हणजे यशोदाच. लग्नात सासरी नाव बदललं, भाऊ मात्र जन्मभर शांता म्हणूनच लिहीत राहिला. इथल्या निम्म्या बायकांना माहेरची पत्रं जुन्या नावानं येतात. मी तुझ्या आईला वत्सू म्हणतो ती काय दुसरी बाई?

सुनावणी ११ जूनला आहे. तक्त्यात आहे तसंच राहिलं तर यशोदाला त्या घरातून काढतील आणि जायला तिला जागा नाही. मुळगावात भावजय एका खोलीत तीन पोरं घेऊन राहते.

तू एप्रिलमध्ये एकतीस म्हणून लिहिलंस तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. खरं सांगायचं तर आलं होतं. पण यादी मी दिलेली, म्हणून गप्प बसलो.

शिवदास

पणजी, २३ मे १९८७

ती. शिवदासमामा,

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं.

चूक माझी आहे. सासरी नाव बदलतात हे मला कुणी सांगायला नको होतं. नावं जुळवताना मी फक्त रकाने बघत होते. काल आईला विचारलं, तर तिनं आधी सांगायलाच टाळलं. मग म्हणाली, वत्सला म्हणणारी माणसं आता दोनच उरली, त्यातला एक शिवदास.

यादी फाडली असली तरी ती ३१ नावं माझ्या कच्च्या कामात आहेत. पुन्हा बघितली. ७ पुरुषांची आहेत, ते खाणीवरचे असावेत. २४ बायकांची. त्यांतल्या तेवीस जणींचं काही बिघडलेलं नाही, कारण त्यांची सासरची नावं घरयादीत आहेतच. त्या फक्त दोनदा मोजल्या गेल्या. यशोदाचं एकही नाव घरयादीत नाही. म्हणजे माझ्या तक्त्याप्रमाणे ती कुठेच नाही.

मी दुरुस्ती देऊ शकते. पण तक्त्यात नावं कुठून आली हे साहेब पहिलं विचारतील, कारण नमुन्यात फक्त आकडे मागितले होते. उत्तर एकच आहे आणि ते तुमच्याकडे जातं. म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय काही केलेलं नाही. माझी मुदत वाढवण्याचा कागदही याच महिन्यात साहेबांपुढे आहे. तो मुद्दा मी हिशेबात धरत नाही, तुम्हीही धरू नका.

सुनावणीला १९ दिवस आहेत. उत्तर लवकर पाठवा.

सुविधा

तरवाडी, २७ मे १९८७

चि. सुविधा,

दुरुस्ती देऊ नकोस.

माझं नाव आलं तर चौकशी लागेल आणि ओसरीवरची पेटी उचलून नेतील. माझी थोरली अंकिता यंदा दहावी झाली, धाकटी शाळेत आहे. पेटी गेली तर टपाल तीन मैलांवर जाईल आणि इथल्या बायकांची पत्रं जुन्या नावानं आली की ‘पत्ता लागत नाही’ म्हणून परत जातील. माझं एकट्याचं नाही बघत मी.

गोकुळदास काल ओसरीवर आला होता. पाववाल्या पोदेराकडून उंडे घ्यायला थांबलो, असं दाखवलं. म्हणाला, मास्तर, तुम्हाला पेडण्याला बोलावलं तरी तुम्ही काय सांगणार? टपालातलं सांगायला तुम्हाला बंदी आहे ना? हसत म्हणाला. मी काही बोललो नाही.

काहीतरी दुसरं बघू. घाई करू नकोस.

शिवदास

पणजी, १ जून १९८७

शिवदासमामा,

परवा गोव्याचं राज्य झालं. इथे दिवे लावले होते. माझ्या टेबलावर तरवाडीचा तक्ता अजून तसाच आहे.

तुम्ही ‘दुसरं काहीतरी’ म्हणता, ते काय ते लिहीत नाही. गोकुळदास तुमच्या ओसरीवर येतो, तुम्ही गप्प बसता. एप्रिलमध्येही गप्प बसलात. मी स्पष्ट विचारते: तुम्ही त्याच्या बाजूचे आहात का? असाल तर तसं लिहा. मग मला तुमचा विचार करण्याचं कारण राहणार नाही.

५ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर मी दुरुस्ती देईन.

सुविधा

तरवाडी, ३ जून १९८७

चि. सुविधा,

हे पत्र दत्तारामच्या मेव्हण्याबरोबर हातानं पाठवतो, उद्या तुला ऑफिसात मिळेल.

तू विचारलंस त्याचा राग आला नाही असं नाही. काल पत्र आलं आणि जेवण गेलं नाही. पण तुझ्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं.

मी टपालातलं सांगू शकत नाही. पण पत्र पाठवणाऱ्याचा कागद पाठवणाऱ्याचा असतो. तो त्यानं कुणालाही दाखवावा, त्याला बंदी नाही. हे मला काल पाटावर बसल्यावर सुचलं आणि इतकी वर्षं या धंद्यात असून आधी का सुचलं नाही म्हणून लाज वाटली.

रघुनाथ दर दिवाळीला बहिणीला भाऊबीज मनिऑर्डरनं पाठवायचा. खाण सुटत नाही म्हणून स्वतः येत नसे. मनिऑर्डरच्या कागदाचे तुकडे असतात. एक आमच्या खात्याकडे जातो, आणि एक पोच म्हणून पैसे घेणाऱ्याच्या सहीनिशी, आमच्या शाखेच्या शिक्क्यानिशी पाठवणाऱ्याला परत जातो. यशोदा अंगठा करते. अंगठा असला की ओळखणारा साक्षीदार लागतो. पैसे देणारा मी, म्हणून माझी साक्ष चालत नाही. खात्याच्या तुकड्यावर साक्षीदाराची सही घ्यायचीच असते. मी पोचेवरही घ्यायचो. सुरुवातीला एकदा एका म्हाताऱ्यानं भांडण काढलं होतं की पैसे बायकोला पोचलेच नाहीत, तेव्हापासूनची माझी ती सवय.

आता त्या घरात लिहिता येणारं माणूस एकच. सगुणलाही अक्षर नव्हतं. दर भाऊबीजेला यशोदा अंगठा करायची आणि बाजूला गोकुळदास सही करायचा. नवरा वारल्यावरही. गेल्या दिवाळीलासुद्धा माझ्या ओसरीच्या बाकावर बसून, माझ्याच पेननं.

ते तुकडे रघुनाथनं ठेवले की नाही, मला माहीत नाही. त्याची बायको मुळगावला वरच्या खाणीच्या रस्त्यावर, ट्रकवाल्यांच्या खोल्यांत राहते. माणूस गेल्यावर त्याचे कागद किती दिवस टिकतात, तू समजून घे. आमोणे तिथून जवळ. मी गेलो तर गोकुळदासला संध्याकाळपर्यंत कळेल. तू जा.

तुझा मामा
शिवदास

आमोणे, ७ जून १९८७, रविवार

ती. शिवदासमामा,

नमस्कार. आधी काय घडलं ते लिहिते.

आज सकाळी मुळगावला गेले. खोली सापडायला वेळ लागला. सगळ्या खोल्यांची दारं लाल धुळीनं एकाच रंगाची आहेत. रघुनाथच्या बायकोनं मला आत घेतलं नाही. तिला वाटलं मी खाणीच्या ऑफिसातून खोली खाली करून घ्यायला आले. मी तुमचं नाव सांगितलं, ते तिला माहीत नव्हतं. मग ‘शांतावन्संचं काम आहे’ म्हटलं, तेव्हा दार उघडलं.

कागद विचारले. ती म्हणाली, “जाळूकच काढलेले. कापडांवांगडा जाळूया म्हणान बांधून ठेवलंय.” त्याच्या कपड्यांसकट बांधलेलं गाठोडं पलंगाखाली होतं. लायसन, ट्रकच्या पावत्या, आणि एका तारेत ओवलेल्या पोचा. मी एकेक सुटी करून मोजली. ९ आहेत. सगुण वारल्यानंतरच्या त्यांत तीन, १९८३, ८४ आणि ८६ च्या. ८५ ची नाही. तिन्हींवर पत्ता ‘शांता परब, सगुण मळीक यांचे घर’, खाली अंगठा, तरवाडीचा शिक्का आणि ‘गो. मळीक’ अशी सही. क च्या खाली एक लांब रेघ ओढलेली आहे. तीन सह्यांत ती रेघ सारखीच आहे.

मी पोचा घेतल्या नाहीत. त्या पाठवणाऱ्याच्या आहेत, म्हणजे आता तिच्या. ११ तारखेला त्या घेऊन ती स्वतः पेडण्याला येईल. खाणीवरची एक दिवसाची मजुरी बुडेल, ती बुडू दे म्हणाली. पहिल्या बसनं निघेल. तुम्ही स्टँडवर थांबा, तिनं पेडणे पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट. ५ तारखेला मी दुरुस्ती दिली. तुमचं पत्र ४ ला मिळालं होतं, तरीही दिली. पोचांमुळे यशोदाचं म्हणणं खरं ठरेल, पण त्यामुळे माझा तक्ता बरोबर होत नाही. २४ नावं बाहेरची नाहीत, ती वाडीत राहणाऱ्या बायकांची माहेरची नावं आहेत, घर १४ मध्ये एक व्यक्ती कमी नोंदली गेली, आणि जुळवणीची पद्धत माझी होती, असं लिहिलं. साहेबांनी विचारलं, नावं कुठून मिळाली? मी लिहून दिलं की ती मी खाजगीरीत्या मिळवली आणि कुणाकडून ते सांगणार नाही. त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी त्याच कागदाकडे बोट दाखवलं. दुरुस्तीवर त्यांनी सही केली, प्रत मामलेदारांकडे गेली. माझ्या मुदतवाढीचा कागद टेबलावर होता, तो त्यांनी उचलून खणात ठेवला.

१ तारखेला तुम्हाला लिहिलेलं मी मागे घेते.

३० जूननंतर पत्र आमोण्याच्या पत्त्यावर पाठवा.

सुविधा

तरवाडी, १२ जून १९८७

चि. सुविधास अनेक आशीर्वाद.

काल रात्री परत आलो, सकाळची पिशवी उघडायच्या आधी लिहायला बसलोय.

रघुनाथची बायको पहिल्या बसनं आली. पोचा पदराच्या गाठीत होत्या. यशोदा आधीच येऊन भिंतीला टेकून बसली होती. ती आणि गोकुळदास सकाळी एकाच होडीनं आले होते, एकाच फळीवर बसून. तरवाडीची माणसं होडीत काय बोलली असतील त्याचा तू अंदाज कर.

मामलेदार तरुण आहे. आधी गोकुळदासला बोलू दिलं. त्यानं तुझा जुना तक्ता दाखवला, घरयादी दाखवली, नवीन रेशनकार्ड दाखवलं. नीट बोलतो तो, आवाज चढवत नाही. म्हणाला, वहिनींबद्दल आम्हाला आदर आहे, पण त्या ८३ साली गेल्या. शांता परब म्हणजे खाणीवरची कोणी बाई, आमच्या पत्त्यावर पत्र घेते, आम्ही भिडेखातर नाही म्हणत नाही. मामलेदारानं तुझी दुरुस्ती बाहेर काढली. गोकुळदास म्हणाला, आधी एक लिहिलं, आता दुसरं लिहिलं, सरकारनंच ठरवावं यातलं खरं कुठलं. मला वाटलं, संपलं. दोन कागद समोरासमोर आले की जुना भारी ठरतो हे मी पोस्टात खूपदा पाहिलंय.

मग रघुनाथच्या बायकोनं गाठ सोडली. मामलेदारानं तिन्ही पोचा ओळीनं टेबलावर मांडल्या आणि गोकुळदासला जवळ बोलावलं.

“ही सही कोणाची?”

गोकुळदासनं वाकून पाहिलं. त्याला काय वाटत होतं ते सांगता येत नाही. मला वाटतं तो दरवर्षी करायचा म्हणून सही करत आला आणि ती कुठे जाते याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता.

“माझी.”

“तुम्ही ओळखता म्हणून सही केलीत. मग ही शांता परब कोण?”

मामलेदारानं पुन्हा विचारलं नाही, फक्त टाक हातात धरून बसून राहिला. शेवटी गोकुळदास टेबलाकडे बघत म्हणाला, “वहिनी.”

एवढंच. नोंद दोघांच्या नावे करायचा हुकूम झाला. मला पुढे बोलावलंच नाही, माझं नावही निघालं नाही. तुझ्या साहेबांकडून इथे अजून काही विचारणा नाही. पुढे होईल का ते माहीत नाही. झाली तर मी खोटं सांगणार नाही, हे तुला आत्ताच लिहून ठेवतो. तुला वाचवायचं कुणाच्या हातात नव्हतं आणि तू मला वाचवलंस, हे मला बरं वाटत नाही.

आता घराचं. त्या दोघांना त्याच होडीनं परत त्याच घरात जायचं होतं. संध्याकाळी मी बायकोला पाठवून पाहिलं. यशोदानं चूल वेगळी मांडली आहे, पडवीच्या टोकाला. गोकुळदासची धाकटी पोरगी पडवीत जाऊन काकूच्या चुलीपुढे बसली होती. हे सगळं कसं चालेल, सांगता येत नाही. निदान आता तिला तिथून उठ म्हणणारं कुणी नाही.

एक सांगायचं राहिलं. हुकूम लिहिताना कारकुनानं यशोदाला विचारलं, नाव कुठलं लिहू, शांता की यशोदा? रकान्यात एकच बसतं. ती उठली, टेबलापाशी गेली आणि त्या कागदावर, जो तिला वाचता येत नाही, बोट ठेवून म्हणाली,

“दोनूय लिवा. एक पुसलां तर दुसरां ऱ्हवतलां.”

शिवदासमामा